व्हॉडव्हिलपासून फ्रेड मर्ट्झपर्यंत: विल्यम फ्रॉलीच्या कारकिर्दीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विल्यम फ्रॉली कोण? नाव ऐकल्यासारखं वाटत नाही.

नाव नसेल ऐकलं, पण चेहरा बघितलात तर कदाचित ओळखाल. टक्कल, ढेरीच्या वरपर्यंत ओढलेली पँट, खरखरीत आवाज आणि बायकोला टोमणा मारताना जराही न हलणारा चेहरा. 'आय लव्ह लुसी' या अमेरिकन टीव्ही मालिकेतला (१९५१–५७) घरमालक फ्रेड मर्ट्झ तो हाच. जन्म २६ फेब्रुवारी १८८७, बर्लिंग्टन, आयोवा राज्य. मृत्यू ३ मार्च १९६६, हॉलिवूड. मालिका सुरू झाली तेव्हा तो ६४ वर्षांचा होता. तोवर व्हॉडव्हिलची (रंगमंचावर एकामागून एक होणाऱ्या सुट्या छोट्या खेळांची) पंधराएक वर्षं, त्यानंतर ब्रॉडवे, म्हणजे न्यूयॉर्कची व्यावसायिक रंगभूमी, आणि मग सिनेमातल्या ढीगभर छोट्या भूमिका त्याच्या गाठीशी होत्या. लोकांना आठवतं ते त्याच्या आयुष्याचं शेवटचं दीड दशक. प्रश्नही तिथलेच येतात, उत्तरांसाठी मात्र बरंच मागे जावं लागतं.

व्हॉडव्हिल म्हणजे अमेरिकेतला तमाशाच ना?

नाही. साम्य दिसतं ते वरवरचं आहे. तमाशाचा फड हा एक संसार असतो: तीच माणसं, एकच मालक, आणि गण, गवळण, बतावणी, वग असा ठरलेला क्रम. व्हॉडव्हिलच्या एका कार्यक्रमात येणारे आठ-नऊ 'ॲक्ट' एकमेकांना ओळखतही नसत. कुत्र्यांच्या कसरती, दोन बहिणींचं गाणं, जादूगार, एखाद्या नामवंत नटाची २० मिनिटांची नाटिका असे सगळे बुकिंग कचेरीने एका आठवड्यासाठी एकत्र आणलेले. शनिवार-रविवारी आठवडा संपला की प्रत्येकाची गाडी वेगळ्या गावाला. सलग कथा नाही, सूत्रधार नाही. प्रत्येक ॲक्टला १० ते २० मिनिटं मिळत आणि तेवढ्यात प्रेक्षक जिंकून बाहेर पडायचं.

बतावणीशी मात्र खरं नातं सांगता येईल. एकाने सरळ प्रश्न विचारायचा, दुसऱ्याने तो मुद्दाम उलटा समजायचा, हे जोडीचं बोलणं व्हॉडव्हिलचा कणा होतं. फ्रॉली त्याच शाळेतला.

कार्यक्रमात ॲक्टचा क्रम कसा ठरायचा? त्याचा नटावर काय परिणाम व्हायचा?

क्रम म्हणजेच दर्जा. पहिली जागा कसरतपटूंना किंवा प्राण्यांना, कारण लोक अजून खुर्च्या शोधत असतात आणि बोललेलं काही ऐकू येत नाही. दुसरी जागा साध्या गाण्या-नाचाच्या जोडीला. तिसऱ्या-चौथ्यापासून रंग भरायचा, मध्यंतराच्या आधी मोठा ॲक्ट. सगळ्यात मानाची जागा शेवटून दुसरी, तिथे त्या आठवड्याचं मोठं नाव. शेवटची जागा पुन्हा मुक्या ॲक्टची, कारण लोक कोट घालून निघालेले असत.

यात एक तांत्रिक गोम होती. मोठं नेपथ्य लागणारे दोन ॲक्ट लागोपाठ लावता येत नसत. म्हणून मध्ये असा ॲक्ट घालत जो पुढचा पडदा पाडून त्याच्यासमोरच्या पाच-सहा फुटांच्या पट्टीत उभा राहील. मागे कामगार नेपथ्य बदलणार, ठोकाठोकीचे आवाज येणार, आणि पुढे दोघांनी नुसत्या बोलण्यावर लोकांना धरून ठेवायचं. हालचालीला जागा नाही आणि हातात फार तर छडी किंवा सिगार. अशा पट्टीत वाढलेला नट पुढे कॅमेऱ्याच्या चौकटीत अवघडत नाही. कमी जागेत उभं राहून हशा काढायची त्याला सवयच असते.

पैसे कसे मिळायचे?

आठवड्याच्या ठरलेल्या रकमेने, आणि त्यातून बरंच कापून. पूर्वेकडची चांगली थिएटरं कीथ साखळीच्या ताब्यात होती, शिकागोच्या पश्चिमेकडची ऑर्फियम साखळीच्या. बुकिंग कचेरी ५ टक्के कापे, एजंट आणखी ५ टक्के. रेल्वेचं भाडं, खोली, कपडे, वादकांसाठी स्वरलेखनाच्या प्रती हा सगळा खर्च नटाचा. मधला एखादा आठवडा रिकामा गेला तर तो आपल्या खिशातून.

'बिग टाइम' म्हणजे दिवसाला दोन खेळ, 'स्मॉल टाइम' म्हणजे तीन किंवा अधिक. सोमवारी दुपारच्या पहिल्या खेळाला मॅनेजर मागे उभा राहून पाही. अश्लील वाटलेलं वाक्य संध्याकाळपर्यंत गाळायचा निरोप येई आणि प्रत्येक ॲक्टचा अहवाल मुख्य कचेरीत जाई. आपला दर कोणी का वाढवत नाही याचं उत्तर नटाला बहुधा कधीच कळत नसे, ते त्या अहवालात असे.

फ्रॉली या धंद्यात आला कसा?

आईच्या मनाविरुद्ध, आणि तेही एकदा नव्हे. आधी ओमाहाला युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कचेरीत लघुलेखक होता. मग शिकागोला कोर्टात तेच काम करू लागला आणि तिथेच एका संगीतिकेत छोटी गाण्याची भूमिका मिळवली. आई नाराज झाली म्हणून सेंट लुइसला पुन्हा रेल्वेची नोकरी. तिथे धाकटा भाऊ पॉल याला घेऊन ॲक्ट बसवला, तर सहा महिन्यांत आईने पॉलला घरी बोलावून घेतलं. मग फ्रॉलीने व्हॉडव्हिल एजन्सीवरच एक प्रहसन लिहिलं, ते ५०० डॉलरहून जास्त किमतीला विकलं आणि पश्चिमेची गाडी धरली.

डेन्व्हरला तो कॅफेत गाऊ लागला. तिथे फ्रांझ राथ या पियानोवादकाशी जोडी जमली. दोघांनी सॅन फ्रान्सिस्कोला नेलेल्या ॲक्टचं नाव होतं 'अ मॅन, अ पियानो अँड अ नट', म्हणजे एक माणूस, एक पियानो आणि एक चक्रम. पॉलही पुढे या व्यवसायात परतला आणि ब्रॉडवेच्या संगीतिकांमधला देखणा नायक झाला. आईचा बेत दोन्ही मुलांच्या बाबतीत फसला म्हणायचा.

'माय मेलन्कोली बेबी' हे गाणं पहिल्यांदा त्यानेच म्हटलं, हे खरं का?

त्याचा स्वतःचा दावा तसा होता: १९१२ साली डेन्व्हरच्या मोझार्ट कॅफेत, राथच्या साथीने. १९६५ साली 'आय हॅव गॉट अ सीक्रेट' या टीव्ही कार्यक्रमात त्याने हेच आपलं गुपित म्हणून सांगितलं. गाण्याची चाल अर्नी बर्नेटची. छापून आलेले शब्द जॉर्ज नॉर्टनचे, पण त्याआधी याच चालीला बर्नेटच्या बायकोचेही शब्द होते. त्यामुळे 'पहिलं' नेमकं कशाला म्हणायचं इथेच वाद सुरू होतो. सावधपणे लिहायचं असेल तर 'फ्रॉलीच्या सांगण्यानुसार' एवढे शब्द जोडा. १९५८ साली त्याने जुन्या गाण्यांची एक लाँग-प्ले तबकडी काढली. तिच्यात सत्तरीच्या आवाजातही कॅफेतल्या गायकाची फेक ऐकू येते.

'फ्रॉली अँड लुईज' हा ॲक्ट काय होता?

१९१४ साली त्याने एड्ना लुईज ब्रोट हिच्याशी लग्न केलं आणि दोघांनी जोडीचा ॲक्ट सुरू केला: हलकंफुलकं विनोदी बोलणं, मध्ये गाणं, थोडा नाच. ऑर्फियम आणि कीथ या दोन्ही साखळ्यांत तो चालला. १९२१ साली दोघं वेगळे झाले, १९२७ साली घटस्फोट झाला. फ्रॉलीने पुन्हा लग्न केलं नाही.

कारकिर्दीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच की नवरा-बायकोच्या कुरबुरीवर हशा मिळवायचं तंत्र तो १९५१ साली शिकला नाही. तो सात वर्षं दिवसातून दोनदा तेच करत होता. त्या काळी एकच ॲक्ट वर्षानुवर्षं चाले, कारण दर आठवड्याला गाव नवं आणि प्रेक्षक नवे. एकाच वाक्यावर हजारदा प्रयोग करायला मिळत: आज शब्द आधी, उद्या टोपी आधी, परवा दोन्हीच्या मध्ये एक श्वास.

व्हॉडव्हिल बंद का पडलं?

बोलपटाने मारलं असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं. थिएटरमालकांनीच आधी कार्यक्रमात सिनेमा घुसवला, कारण फिल्मचा डबा नऊ ॲक्टपेक्षा स्वस्त पडे. घरोघरी रेडिओ आला, आणि ज्या १५ मिनिटांवर नट पाच वर्षं जगत असे ती एका रात्रीत अख्ख्या देशाने ऐकून टाकली. १९२८ साली कीथ-ऑल्बी आणि ऑर्फियमची थिएटरं 'आरकेओ' या सिनेमा कंपनीत गेली. त्यावर मंदी आली. १९१३ साली उघडलेलं न्यूयॉर्कचं 'पॅलेस' ही या धंद्याची पंढरी. १९३२ च्या मे महिन्यात तिथले दिवसाला दोन खेळ बंद झाले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात तिथे नुसते सिनेमे लागू लागले.

मग फ्रॉली थेट हॉलिवूडला गेला का?

मध्ये ब्रॉडवे आहे, आणि तो टप्पा लोक विसरतात. १९२५ साली तो 'मेरी, मेरी' या संगीतिकेतून ब्रॉडवेवर आला. १९३२ च्या अखेरीस 'ट्वेंटिएथ सेंच्युरी' या नाटकात त्याने ओवेन ओ'मॅली हा प्रसिद्धिप्रमुख केला. ही गाण्या-नाचाची भूमिका नव्हती. झपाट्याने बोलणारा, दारूचा शौकीन, मालकाची लफडी निस्तरणारा माणूस. सिनेमात पुढे त्याच्या वाट्याला जे आलं त्याचा साचा इथेच पडला.

मूकपटांच्या काळात तो एक-दोनदा पडद्यावर चमकून गेला होता, पहिल्यांदा १९१६ साली. पण ज्याचं भांडवलच आवाज, त्याने मूकपटात काय करायचं? खरी सुरुवात १९३३ ची. 'मूनलाइट अँड प्रेट्झल्स' या सिनेमानंतर पॅरामाउंट या स्टुडिओने त्याच्याशी सात वर्षांचा करार केला. तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

सात वर्षांचा करार म्हणजे सात वर्षांची नोकरी पक्की?

बांधलेला असे तो नट, स्टुडिओ नव्हे. करारात ठरावीक मुदतीनंतर 'ऑप्शन' असे. तो वापरून करार पुढे न्यायचा की नटाला सोडायचं हे स्टुडिओ ठरवी, नटाला मात्र मध्येच निघता येत नसे. साधारण पद्धत अशी की वर्षाच्या ५२ पैकी ४० आठवड्यांचा पगार आणि १२ आठवडे बिनपगारी. स्टुडिओ नटाला दुसऱ्या कंपनीला उसना देई आणि वरचा फायदा स्वतः ठेवी.

चरित्र अभिनेत्याला हे नायकाइतकं जाचत नसे. नायकाला वर्षात तीन-चार सिनेमे, याला सात-आठ. एका सेटवर चार दिवस, दुसऱ्यावर सहा. सिनेमा पडला तर त्याचं खापर याच्यावर फुटत नाही. अडचण करार संपल्यावर येते: मागणी आली तर काम, नाहीतर टेलिफोनकडे बघत बसा. चाळीसच्या दशकाच्या शेवटी फ्रॉलीची हीच अवस्था होत चालली होती. त्यात पिण्याबद्दलची ख्याती.

सिनेमात तो कोणत्या भूमिका करायचा?

बारमालक, पोलीस, बेसबॉल संघाचा मॅनेजर, मुष्टियोद्ध्याचा व्यवस्थापक, सटोडिया, गाण्यांचा प्रकाशक, राजकारण्याचा सल्लागार. थोडक्यात, शहराच्या कामधंद्यातला, जगाला ओळखून असलेला माणूस. 'गोइंग माय वे'मध्ये (१९४४) संगीतप्रकाशक, 'जंटलमन जिम'मध्ये (१९४२) बॉक्सरचा व्यवस्थापक, १९३९ च्या 'हकलबरी फिन'मध्ये भामटा ड्यूक. चॅप्लिनच्या 'मस्यू व्हर्दू'मध्येही (१९४७) तो आहे.

एक गंमत: 'द लेमन ड्रॉप किड' ही गोष्ट पडद्यावर दोनदा आली, १९३४ आणि १९५१ साली. फ्रॉली दोन्हींत आहे, वेगवेगळ्या भूमिकांत. 'झिगफेल्ड फॉलीज'मधल्या (१९४६) एका प्रवेशात तो घरमालक आहे, ज्याला भाड्यापोटी लॉटरीचं तिकीट मिळालेलं असतं. पाच वर्षांनी सगळी अमेरिका त्याला घरमालक म्हणूनच ओळखू लागली.

रंगमंचावरचं कोणतं तंत्र कॅमेऱ्यापुढे चालतं आणि कोणतं नडतं?

नडतं ते आधी सांगतो, कारण व्हॉडव्हिलचे कितीतरी मोठे लोक पडद्यावर याच कारणांनी फसले.

पहिलं, आवाज. मायक्रोफोनशिवाय दीड-दोन हजार माणसांना ऐकू जाईल अशी फेक जवळच्या मायक्रोफोनपुढे ओरडणं वाटते. आवाज खाली आणताना वाक्याची धारही गेली तर विनोद मेला. फ्रॉलीने जोर काढून टाकला आणि खरखर ठेवली.

दुसरं, नजर. व्हॉडव्हिलचा नट वाक्य जोडीदाराला टाकतो पण बोलतो प्रेक्षकाशी, त्यामुळे मान तिरकी पुढे. कॅमेऱ्यात ही मान लगेच खोटी दिसते. फ्रॉलीच्या सुरुवातीच्या सिनेमांत ती अधूनमधून सापडते, चाळीसच्या दशकात दिसत नाही.

तिसरं आणि सगळ्यात अवघड, हशासाठी थांबणं. रंगमंचावर वाक्य टाकायचं, हशा वर चढू द्यायचा, तो उतरू लागला की पूर्ण विरायच्या आत पुढचं वाक्य. लवकर बोललात तर स्वतःचाच हशा खाता, उशीर केलात तर प्रयोग बसतो. सेटवर हशाच नाही. अंदाजाने थांबलात आणि थिएटरात कोणी हसलं नाही तर पडद्यावर भोक पडतं. न थांबता गेलात आणि लोक हसले तर पुढचं वाक्य वाहून जातं. मार्क्स बंधू या विनोदी नटांनी १९३५ च्या 'अ नाइट ॲट द ऑपेरा'आधी त्यातले विनोदी प्रवेश रंगमंचावर गावोगाव करून पाहिले, ते हशे मोजून घेण्यासाठीच. चरित्र अभिनेत्याला अशी चैन परवडत नाही. फ्रॉलीचा तोडगा असा दिसतो की हशाचं वाक्य संपताच तो थांबत नाही, काहीतरी बिनमहत्त्वाचं करतो. सिगार तोंडातून काढतो, टोपी मागे सरकवतो, दाराकडे दोन पावलं टाकतो. लोक हसले तर काही बुडालं नाही, न हसले तरी रिकामी जागा दिसत नाही.

आता चालतं ते. समोरच्याचं बोलणं ऐकणं. जोडीच्या ॲक्टमधला सरळ गडी स्वतः विनोद करत नाही, जोडीदाराच्या विनोदाला भिंत पुरवतो. चेंडू उसळायला भिंत घट्टच लागते. 'आय लव्ह लुसी'ची नायिका ल्युसील बॉल धिंगाणा घालत असताना फ्रॉली जवळजवळ काहीच करत नाही, आणि ते 'काहीच' फार मोजून केलेलं असतं.

त्याचं सिनेमातलं सर्वोत्तम काम कोणतं?

आमच्या मते 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७) मधला चार्ली हॅलोरन. न्यायाधीशापुढे खटला आहे: स्वतःला सांताक्लॉज म्हणवणारा म्हातारा वेडा की शहाणा? हॅलोरन हा न्यायाधीशाचा निवडणुकीतला सल्लागार. बंद खोलीत तो समजावतो की सांताक्लॉज नाही असा निकाल दिलास तर खेळणी कोण घेणार, कारखानदार कामगारांना घरी बसवणार, कामगार संघटना तुझ्या विरोधात जाणार, दुकानदारही जाणार. शेवटी हिशेब असा की मतं दोनच पडतील, तुझं आणि त्या सरकारी वकिलाचं. न्यायाधीश पडेल चेहऱ्याने सांगतो की वकील तर रिपब्लिकन आहे.

हा प्रवेश दोनदा बघा, दुसऱ्यांदा फक्त फ्रॉलीकडे. एकाही वाक्यावर तो 'विनोद' म्हणून जोर देत नाही. किराणा दुकानदार यादी वाचतो तसा एकेक गट मोजत जातो आणि प्रत्येक गटानंतर न्यायाधीशाची भूमिका करणाऱ्या जीन लॉकहार्टला चेहरा पाडायला जागा सोडतो. शेवटचा हशाही त्यालाच देतो. वाक्याची मांडणी फ्रॉलीची, टाळी लॉकहार्टची. नुसत्या बोलण्यावर उभ्या असलेल्या जोडीच्या ॲक्टचा हा सरळ पडद्यावर आलेला नमुना आहे.

'आय लव्ह लुसी'त त्याची निवड कशी झाली?

फ्रेडसाठी पहिली पसंती गेल गॉर्डनला होती आणि त्याची बायको एथेल हिच्यासाठी बी बेनाडरेटला. दोघंही दुसरीकडे बांधलेले होते. फ्रॉलीने स्वतःच ल्युसील बॉलला फोन करून आपल्यासाठी काही काम आहे का विचारलं. वाहिनीचे आणि जाहिरातदाराचे लोक त्याच्या पिण्यामुळे कचरत होते. बॉलचा नवरा आणि मालिकेचा निर्माता देसी आर्नाझने त्याला समोर बसवून स्पष्ट अट घातली: दारूमुळे कामावर न येण्याचा प्रकार तिसऱ्यांदा झाला तर मालिकेतून बाहेर. तशी वेळ आली नाही.

वर्ल्ड सीरिजसाठी सुट्टीचं कलम खरंच करारात होतं का?

हो. न्यूयॉर्क यँकीज हा बेसबॉल संघ वर्ल्ड सीरिजमध्ये पोचला तर फ्रॉलीला सामने पाहायला सोडायचं. हे चोचले वाटतील, पण त्या वर्षांतला यँकीजचा दबदबा पाहा: १९५१ ते १९५७ या ७ वर्षांत ते ६ वेळा अंतिम मालिकेत होते, फक्त १९५४ साली नाही. त्याच्या शेवटच्या सिनेमाचा, १९६२ च्या 'सेफ ॲट होम!'चा विषयही यँकीजच आहे.

मालिकेची चित्रीकरणपद्धत त्याला का मानवली?

कारण ती जवळजवळ व्हॉडव्हिलच होती. इतर मालिका एका कॅमेऱ्याने, तुकड्यातुकड्यांनी किंवा न्यूयॉर्कहून थेट होत. इथे ३५ मिलिमीटरचे तीन फिल्म कॅमेरे एकदम फिरत आणि समोर साधारण ३०० प्रेक्षक बसत. आठवडाभर तालीम, मग एका संध्याकाळी पूर्ण भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने. छायाचित्रणकार कार्ल फ्रॉइंडने दिवे वर टांगून सगळीकडे सारखा उजेड ठेवला. त्यामुळे कॅमेरे मोकळे फिरत आणि प्रवेश थांबवून दिवे हलवावे लागत नसत.

फ्रॉलीसाठी याचा अर्थ एवढाच की हशा परत आला. अंदाजाने थांबायची गरज संपली. सिनेमातला फ्रॉली आणि इथला फ्रॉली लागोपाठ पाहिला की फरक कळतो: इथे तो टोपीशी चाळा करत नाही, चक्क थांबतो आणि हशा पूर्ण घेतो.

सहकारी सांगत की तो संहितेतून फक्त आपली पानं घरी नेई. आळस असेलही. पण फळ असं की कथेतला धक्का त्याला बऱ्याचदा तालमीतच कळे आणि चेहरा ताजा राही. नव्या नटाने हे करून पाहू नये. त्याच्यामागे ४० वर्षांचा रियाज होता.

फ्रेड आणि एथेल मर्ट्झ हे लेखकांनी व्हॉडव्हिलचे निवृत्त कलाकारच ठरवले होते. १९५४ च्या 'मर्ट्झ अँड कुर्ट्झ' या भागात फ्रेडचा जुना जोडीदार येतो, ती भूमिका चार्ल्स विनिंजरची.

व्हिव्हियन व्हान्सशी त्याचं वैर होतं, ते खरं का?

खरं. एथेलची भूमिका करणारी व्हान्स १९०९ ची, तो १८८७ चा: २२ वर्षांचं अंतर. एवढ्या म्हाताऱ्याची बायको म्हणून आपण शोभू का, असं ती बोलली आणि ते त्याच्या कानावर गेलं. पुढे मर्ट्झ जोडप्याची स्वतंत्र मालिका काढायचं ठरत होतं. फ्रॉली पैशासाठी तयार होता, तिने साफ नकार दिला. तरी पडद्यावर दोघांचं टायमिंग कुठेही चुकत नाही. व्हॉडव्हिलमध्ये न बोलता वेगवेगळ्या डब्यातून प्रवास करून स्टेजवर एकमेकांच्या गळ्यात पडणाऱ्या जोड्या काही दुर्मीळ नव्हत्या.

एमी या टीव्ही पुरस्कारासाठी त्याला ५ वेळा नामांकन मिळालं, पुरस्कार एकदाही नाही. व्हान्सला मिळाला. या जखमेवर मीठ नको म्हणून इथेच थांबतो.

'माय थ्री सन्स' त्याने का सोडली?

प्रकृतीमुळे, आणि नेमकं सांगायचं तर विम्यामुळे. १९६० पासून तो या मालिकेत तीन मुलांचा आजोबा 'बब' करत होता. १९६४-६५ च्या हंगामात विमा कंपनी त्याचा विमा उतरवायला तयार होईना, आणि विम्याशिवाय निर्माता नटाला सेटवर ठेवू शकत नाही.

तिथली पद्धतही त्याला रुचत नव्हती. नायक फ्रेड मॅकमरे वर्षात फक्त ६५ दिवस काम करणार, अशी अट होती. त्याचे वर्षभराचे सगळे प्रवेश सलग उरकायचे आणि बाकीच्यांनी आपले तुकडे नंतर जोडायचे. कपाट एकदा उघडलं की दहा भागांतले कपाटाजवळचे प्रवेश एकाच दिवशी. समोर मॅकमरे नाही, वाक्य दुसराच कोणी वाचतोय. समोरच्याचं ऐकून हशा काढणाऱ्या नटाला यापेक्षा वाईट शिक्षा सुचवता येणार नाही.

त्याच्या जागी आलेला विल्यम डेमरेस्टही व्हॉडव्हिलचाच ना?

हो. जन्म १८९२, सेंट पॉल, मिनेसोटा. आधी भावांबरोबर, मग बायकोबरोबर ॲक्ट. १९२७ च्या 'द जॅझ सिंगर'मध्ये तो आहे. प्रेस्टन स्टर्जेसने दिग्दर्शित केलेल्या ८ सिनेमांत त्याने काम केलं आणि 'द जोल्सन स्टोरी'साठी (१९४६) त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. दोघांची नावं विल्यम, दोघं खडूस म्हाताऱ्याच्या भूमिकांत, मालिकेत एकमेकांचे भाऊ. त्यामुळे गल्लत होते. ओळखायची खूण: डेमरेस्ट रागावला की अंगाने रागावतो, पडतो, आपटतो. फ्रॉली जागचा हलत नाही.

कुठून पाहायला सुरुवात करावी?

आधी 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट'. मग लुसीचे दोन-तीन भाग, त्यात 'मर्ट्झ अँड कुर्ट्झ' हवाच. त्यानंतर तिसाच्या दशकातला एखादा सिनेमा, म्हणजे मागे जाऊन काय काय गळलं ते दिसेल. १९३४ चा 'बोलेरो' मिळाला तर तो घ्या. उलट क्रमाने गेलात तर सुरुवातीचे सिनेमे कंटाळवाणे वाटतील, कारण नेमकं काय शोधायचं ते माहीत नसेल.

त्याच्यावर लिहिताना कोणत्या चुका टाळाव्यात?

ब्रॉडवेच्या नोंदींत 'फ्रॉली' दिसला की पहिलं नाव तपासा. विसाच्या दशकात पॉल तिथे जास्त प्रसिद्ध होता आणि त्याच्या भूमिका विल्यमच्या नावावर सर्रास टाकल्या जातात. भूमिकांच्या यादीत श्रेयनामावलीत नाव नसलेली कामं वेगळी ठेवा, नाहीतर एकूण आकडा प्रत्येक ठिकाणी निराळा येईल. 'लुसी'चे अर्ध्या तासाचे १८० भाग आणि नंतरचे तासाभराचे १३ भाग एकत्र मोजू नका.

मृत्यूबद्दलही भलतेसलते किस्से फिरतात. सिनेमा पाहून हॉलिवूड बुलेव्हार्डवरून पायी परतताना त्याला हृदयविकाराचा झटका आला. सोबतच्या परिचारकाने त्याला जवळच्या निकरबॉकर हॉटेलात नेलं, जिथे तो पूर्वी राहायचा. आर्नाझने चित्रपट व्यवसायाच्या दैनिकात त्याच्या फोटोसह पानभर जाहिरात दिली, खाली स्पॅनिशमध्ये एकच ओळ: शुभ रात्री, मित्रा.

व्हॉडव्हिलच्या बाजूने खणायचं असेल तर कीथ-ऑल्बी साखळीच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, मॅनेजरांचे सोमवारचे अहवाल धरून. शोधताना 'फ्रॉली' एवढंच न घालता 'फ्रॉली अँड लुईज' असं पूर्ण नाव घाला. त्या वह्यांत नोंद ॲक्टच्या नावाने होते, नटाच्या नव्हे.